खाऊ नेण्याआधी विचारून घ्या

महोदय,

दिवाळी जवळ आली की आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘फुटपाथवरच्या लोकांना फराळवाटप’ असे निरोप फिरू लागतात. मीही गेली चार वर्षं घरचा खाऊ घेऊन परळला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या रुग्ण आणि नातेवाइकांकडे जाते. तिथे जे शिकले ते इतरांना उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षी नानखटाई नेली होती. मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि भट्टीत भाजून आणायचं, ही आमच्याकडे आईपासूनची पद्धत. छान खुसखुशीत झाली होती. यवतमाळकडच्या एका बाईंनी पुडा घेतला, शेजारी आडव्या झालेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘‘यायले चावता नाही येत ताई, तोंडच उघडत नाही.’’ तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेले किती जण इथे येतात, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून ठाऊक होतं. तरी नानखटाई करताना ते मनात आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. त्या बाईंनी दोन नानखटाया चहात पार विरघळवल्या आणि चमच्याने थोडं थोडं भरवलं.

आता मी रव्याचा केक नेते. शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये तळाला मीठ घालून भाजला की मऊसूत होतो, दुधात लगेच भिजतो. अंडं घातलं की नाही आणि कधी केला, हे पुड्यावर लिहिते. केमो चालू असलेल्यांना बाहेरचं खाणं बऱ्याचदा मना असतं, म्हणून रुग्णाला थेट काही देत नाही, सोबतच्या माणसाला विचारते. खरं तर जास्त उपाशी तोच असतो. रांगा, रिपोर्ट, औषधं यांत त्याचं जेवण राहूनच जातं. तांदूळ-डाळीची पाकिटं मात्र कृपा करून देऊ नका. शिजवायला चूल कुठे आहे?

यातल्या बहुतेकांची गावी घरं आहेत, थोडी शेतीही आहे. उपचार महिनोन्‌महिने चालतात, भाडं परवडत नाही, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी गर्दी असते, आणि मग प्लॅस्टिकच्या कागदाखाली संसार मांडला जातो. एक लाख लोकसंख्येमागे शंभर बेघर माणसांचा एक कायमचा निवारा, असा निकष केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिला होता. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही नाही. माझ्या केकने पावसात कुणाच्या डोक्यावर छप्पर येत नाही. आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न लावून धरावा, ही विनंती.

आणखी एक. गेल्या पाडव्याला एकाच सकाळी तीन मंडळं येऊन गेली. फराळाचे डबे एकावर एक साचले, रात्री उंदीर लागले. नाकात नळी घातलेल्या एका काकांनी, समोर मोबाइल धरलेला पाहताच, टॉवेलने तोंड झाकून घेतलं. तुळशीचं लग्न उरकल्यावर मात्र त्या रस्त्याला कुणी फिरकलं नाही.

म्हणून यंदा मी दिवाळीचे चार दिवस सोडून मार्गशीर्षातल्या दर मंगळवारी दोन केक नेणार आहे. परळ-लालबागमधल्या कुणाला दुसरा एखादा वार घ्यायचा असेल, तर पहिल्या खेपेला हात हलवतच जा. थोडं बसा, आणि कुणाला काय खाता येतं ते विचारून या.

– एक वाचक, लालबाग, मुंबई