चार ते नऊ

दांडिया बाजार, बडोदं
7 फेब्रुवारी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईनं लिलो चिवडो आणि तिळाच्या वड्या कुरिअरनं पाठवायला काढल्या आहेत. त्याच डब्यात हे पत्र घालतो आहे. फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं.

उत्तरायणाला गच्चीवर तुझं आणि काकाचं जे झालं, ते अजून माझ्या मनातून जात नाही. विषय नरसिंह रावांचा निघाला. काका म्हणाला, 1991 मध्ये देशाचं सोनं गहाण पडलं होतं, त्या माणसानं देश सावरला, तुला आज जी नोकरी आहे ती त्यांच्यामुळे. तू म्हणालास, 6 डिसेंबर 1992 ला जो पंतप्रधान होता, त्याच्याबद्दल मला दुसरं काही ऐकून घ्यायचं नाही. मग दोघांचेही आवाज चढले. काका हातातली फिरकी तिथंच ठेवून जिना उतरून गेला. उंधियूचं ताटही घेतलं नाही. आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, "जाऊ दे बाबा, इतिहास ठरवेल."

तेव्हापासून विचार करतोय, इतिहास म्हणजे नक्की कोण ठरवणार? राव 2004 च्या डिसेंबरात गेले, तेव्हा त्यांचं पार्थिव त्यांच्याच पक्षाच्या दिल्लीतल्या मुख्यालयात आत नेलं गेलं नाही. गाडी फाटकाबाहेरच उभी राहिली. 2024 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. मधल्या वीस वर्षांत त्यांनी नवं काही केलं नव्हतं आणि केलेलं काही पुसलंही गेलं नव्हतं. बदलले ते निवाडा करणारे. (ते उत्तम मराठी बोलायचे आणि त्यांनी एका जुन्या मराठी कादंबरीचा तेलुगू अनुवाद केला होता, हे काकाला सांग कधी. त्याला आवडेल.)

पण रावांना मी कधी जवळून पाहिलं नाही. मला बोलता येईल ते आपल्या महाराजांबद्दल. काल 6 फेब्रुवारी, सयाजीरावांची पुण्यतिथी. सकाळी काळ्या घोड्यापाशी, त्यांच्या पुतळ्याला नमस्कार करून आलो. तू चार-पाच वर्षांचा असताना माझ्या स्कूटरवर पुढे उभा राहून विचारायचास, "बाबा, घोड्यावर कोण?" मी सांगायचो, "ज्यांनी आपल्या घरी पाणी आणलं ते." तुला ते खरंच वाटायचं. आणि खरंच होतं ते. आजव्याचं सरोवर 1890 च्या सुमाराला बांधून झालं, तेव्हा शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर होती. मी नोकरीला लागलो तेव्हाही शहराच्या मोठ्या भागाला तेच पाणी जात होतं. पहाटे साडेपाचला व्हॉल्व्हची चावी फिरवली की पाइपात आधी हवा सुटल्याचा आवाज येतो, मग पाण्याचा. तीस वर्षं तो आवाज ऐकला. दर वेळी मनात यायचं की आपल्या जन्माच्या कितीतरी आधी मेलेला एक माणूस अजून लोकांच्या घागरी भरतो आहे.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून महाराजांच्या गोष्टी भिंतीवरच्या तसबिरीसारख्या असतात. माझ्या आजोबांची आवडती गोष्ट 1911 च्या दिल्ली दरबाराची. सगळे संस्थानिक बादशहापुढे जायचे, लवून मुजरा करायचे आणि पाठ न दाखवता मागे सरकायचे. आपले महाराज अंगावर दागिने न घालता, हातात साधी काठी घेऊन गेले, एकदा जरासे वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. आजोबा हे सांगताना स्वतः उठून उभे राहायचे, छातीपर्यंत वाकायचे आणि वळून स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचे. आजी म्हणायची, पुरे आता, जेवायला बसा.

चाळिशीत आल्यावर मला कळलं की त्या दरबारानंतर महाराजांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली होती. आपण गोंधळलो, बावरलो, अवमानाचा हेतू नव्हता, असं त्यात होतं, आणि ते पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं. मला आजोबांनीच फसवल्यासारखं वाटलं. चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तुझ्या आईला वाटलं, ऑफिसात काही झालं असेल.

नंतर हळूहळू मागचं वाचत गेलो. महाराज गादीवर आले ते कसे? 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आळ आला. चौकशीला सहा जण नेमले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी, आणि त्यांचं एकमत झालं नाही. तरीही मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला धाडलं. ती रिकामी झालेली गादी भरायला नाशकाकडच्या कवळाण्याहून एका बारा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराला आणलं, ते सयाजीराव. गादी एका कागदानं कशी जाते, हे ज्यानं लहानपणीच पाहिलं, त्यानं 1911 मध्ये ते पत्र लिहिताना समोर काय धरलं असेल? पाच वर्षांपूर्वीच, 1906 मध्ये, त्यानं सगळ्या राज्यात मुलामुलींना सक्तीचं आणि मोफत शिक्षण लागू केलं होतं. इंग्रजांच्या मुलखात तसा कायदा व्हावा म्हणून गोखले विधेयक घेऊन झगडत होते आणि ते शेवटी नामंजूर झालं. म्हणजे गादी गेली असती तर नुसती गादी गेली नसती.

याचा अर्थ पत्र लिहिलं ते बरोबरच होतं, असं मी म्हणत नाही. मला अजूनही ते वाचवत नाही. पण आता मी पाठ फिरवणंही सांगतो आणि पत्रही सांगतो. तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू नववीत होतास, आठवतं का? तू म्हणालास, "मग ते शूर होते की नव्हते?" मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

आता जे लिहितो, त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

आमच्या शाळेत शिकवलं होतं की महाराजांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन 1913 मध्ये अमेरिकेला पाठवलं. धडा तिथंच संपायचा. पुढं काय झालं हे मला कळलं तेव्हा मी पाणीपुरवठ्यात कामाला लागलो होतो. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं होतं, ते पुस्तिकेच्या रूपात 1990 मध्ये छापून आलं. शिकून आल्यावर राज्याची नोकरी करायची, असा करार होता, म्हणून 1917 मध्ये ते बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सराईत उतरले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम. चरित्रकारांनी लिहिलंय की तिथले शिपाई विटाळ नको म्हणून फायली लांबून टेबलावर टाकायचे. आणि कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नव्हतं.

बाळा, हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. आजव्याचं पाणी शहरात येऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. ज्या पाण्याचा मी इतका अभिमान बाळगला, ते त्याच राजाच्या कचेरीत, त्याच राजानं शिकवून आणलेल्या माणसाला मिळत नव्हतं.

अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन सराईत आले आणि संध्याकाळच्या आत चालता हो म्हणाले. राहायला सरकारी बंगला मिळावा म्हणून बाबासाहेबांनी अर्ज केला होता, तो दिवाणांकडून या अधिकाऱ्याकडे, त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. एका हिंदू मित्राकडे गेले, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर सोडून जातील. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास काढायचे कुठं? ते कमाटीबागेत जाऊन बसले. तिथं बसल्या बसल्या आई-वडिलांची आठवण येत होती, असं त्यांनी लिहिलंय. आई लहानपणीच गेली होती. वडील जाऊन साडेचार वर्षं झाली होती, आणि वडील अंथरुणाला खिळल्याची तार आली तेव्हाही ते इथंच, बडोद्याच्याच नोकरीत होते. वय सव्वीस. तुझ्याहून एक वर्षानं लहान.

आणि बाग कुणाची? महाराजांनीच लोकांसाठी खुली केलेली. राज्यातल्या कुठल्याही घराचं दार उघडलं नाही, तेव्हा ती बाग तेवढी उघडी होती. मी या गोष्टीकडे दोन्हीकडून पाहतो. कधी वाटतं, निदान बाग तरी होती. कधी वाटतं, एवढ्या थोर राजाच्या हातात एका माणसाला एक खोली देणं नव्हतं, तर थोरपण कुठवर पोचलं होतं? हुकूम दिवाणापर्यंत पोचला, फाइलवर चढला आणि शिपायाच्या हातात आल्यावर मेला. मी तीस वर्षं पाहिलंय, टाकी भरलेली असते आणि गल्लीच्या टोकाच्या घरात पाणी येत नाही. लोक टाकी बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. टोकाच्या घरातली बाई काय म्हणते, हे कुणी जाऊन विचारत नाही, तोवर नोंद अर्धीच असते. बाबासाहेबांनी ती उरलेली अर्धी नोंद स्वतः लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळली. अशा किती जणांनी लिहिलीच नसेल.

त्यांच्या त्याच लेखनात एक गोष्ट मला फार मोठी वाटते. महाराजांच्या पैशानं आपलं शिक्षण झालं, हे त्यांनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलंय. उपकार सांगताना अपमान झाकला नाही आणि अपमान सांगताना उपकार नाकारला नाही. पुढे 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल, राजकारणात मात्र भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. तुम्ही दोघं गच्चीवर भांडत होतात तेव्हा मला हेच आठवत होतं. काका 1992 बद्दल बोलायला तयार नव्हता आणि तू 1991 बद्दल ऐकायला.

तू 1992 चं म्हणतोस ते हलकं नाही. मी तेव्हा तिशीचा होतो, ते दिवस मी पाहिलेत. ते तू सोडून द्यावंस असं मी कधीच म्हणणार नाही. पण काका 1991 चं बोलतो तेव्हा तो बातम्यांमधलं बोलत नसतो, स्वतःच्या घराचं बोलत असतो. त्या काळात हातात पगार किती यायचा, पहिलं स्वतःचं घर कधी झालं, हे त्याला विचार. तो सांगेल. आणि त्याचं ऐकून झालं की तुझं सांग. तोही ऐकेल, फक्त आवाज चढवू नकोस. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे लोक त्यांच्याच गावचे होते आणि आपण अगदी बरोबर आहोत, अशी त्यांची खात्री होती, एवढं ध्यानात ठेव.

आणखी एक, आजव्याचंच. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला, धोक्याची पातळी 26 फूट आणि पाणी 35 च्याही वर गेलं, तेव्हा तुझी आत्या दोन दिवस गच्चीवर होती. त्या दोन दिवसांत सगळं शहर मोबाइलवर आजव्याची पातळी बघत होतं, वरून किती सोडलं म्हणून. आत्या मला फोनवर रडत म्हणाली, "दादा, कशाला बांधलं रे ते सरोवर?" मी तिला काही बोललो नाही. नदीचं पात्र आमच्या पिढीनं अरुंद केलं, गाळ आमच्या काळात साठला. पण कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवायचं नसतं. तिचा प्रश्नही महाराजांच्या खात्यावर कुठेतरी लिहिलेला असावा, असं मला वाटतं. शेजारी आमचा जबाबही.

काल काळ्या घोड्याकडून निघून बागेत गेलो. संकल्पभूमीपाशी एक कुटुंब बसलं होतं, जळगावकडून आलं होतं. मुलगा आठ-नऊ वर्षांचा. वडील त्याला सांगत होते, इथं बाबासाहेब बसले होते. मुलानं विचारलं, "मग त्यांना घरी का नाही नेलं कुणी?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी बडोद्याचा आहे, हे त्यांना बोलण्यावरून कळलं होतं. मी त्या मुलाला म्हटलं, "न्यायला हवं होतं." मग त्यानं पाणी मागितलं, तर माझ्याजवळची बाटली दिली.

काकाला फोन कर. त्याची फिरकी मी जपून ठेवली आहे, मांजा गुंतलाय तेवढा सोडवायचा आहे. होळीला येशील तेव्हा परतीचं तिकीट रात्री नऊच्या सुमाराच्या गाडीचं काढ. आपण तिघं चारलाच घरून निघू आणि गाडीची वेळ होईतो बागेत बसू. आई दशम्या देईल.

तुझे,
बाबा