बझला व्हिसा लागत नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "फोटो सगळे बघितले, पण आमची पोरगी कुठंच दिसली नाही. जिथं तिथं ती पिवळी माशी." म्हणून फ्रान्सहून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मोबाइलवर वाचत बसू नकोस.

तिचं नाव बझ. मधमाशी नाही, गांधीलमाशी आहे. आमच्या अमेरिकेतल्या कॉलेजचा, अटलांटाच्या जॉर्जिया टेकचा मॅस्कॉट, म्हणजे शुभंकर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले लोक पिवळे कोट घालून सामने बघायला जायचे, त्यावरून संघाला 'यलो जॅकेट्स' म्हणू लागले. त्या नावाची गांधीलमाशी तिकडे असतेच, तीच पुढे चिकटली. अटलांटात बझ म्हणजे माशीचा पोशाख घालून उड्या मारणारा माणूस. आमचा वीतभर कापडी आहे. शुक्रवारी वर्ग नसतात, तेव्हा आमच्यातली जी कुठं जाईल ती त्याला पिशवीत टाकते आणि फोटो सगळ्यांना पाठवते. मी फोटोत नसते, कारण स्वतःचा फोटो काढायचा तर अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यावा लागतो. बझला कठड्यावर ठेवलं की झालं.

बाबा, "मास्टर्स करायला गेल्या आणि बाहुल्या खेळतात" हे तुमचं वाक्य मला इथूनच ऐकू आलं. खेळतो खऱ्या. पण या कॉलेजात 1927 साली एका मुलानं जॉर्ज पी. बर्डेल नावाच्या, जन्मालाच न आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज भरला, त्याच्या नावानं परीक्षा दिल्या आणि 1930 मध्ये त्याला पदवीही मिळाली. त्यापुढे बाहुल्यानं युरोप बघणं म्हणजे काहीच नाही.

कॉलेजची ही फ्रान्समधली शाखा 1990 पासून मेट्झ गावात आहे. गाव जवळच्याच खाणीतल्या पिवळसर दगडानं बांधलेलं, त्यामुळे संध्याकाळच्या उन्हात बझ भिंतीपुढे ठेवला तर शोधावा लागतो. इथलं कॅथीड्रल आतून 41 मीटर उंच आणि भिंतींना दगडापेक्षा काचच जास्त. काही खिडक्या शागाल या चित्रकाराच्या आहेत. मी अभ्यास कंटाळवाणा झाला की तिथं जाऊन बसते. पॅरिसचं काही लिहीत नाही, आयफेल टॉवर तुम्ही कॅलेंडरवर बघितलाय, तसाच आहे.

बाबा, तुम्हाला दाखवायचं आहे ते स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलमधलं घड्याळ. सध्याची यंत्रणा 1843 ची. दुपारी साडेबाराला येशूपुढून बारा शिष्य एकेक करून जातात आणि वरचा कोंबडा तीनदा आरवतो. बारा वाजताचा हा खेळ साडेबाराला का, तर घड्याळ तिथली स्थानिक वेळ पाळतं, फ्रान्स सरकारची नाही. सगळे कोंबड्याकडे बघत होते, मी खालच्या चक्रांकडे. ईस्टर ठरतो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून, म्हणजे दर वर्षी तारीख वेगळी. ते गणित दातेदार चाकांनी करायची सोय घड्याळ बनवणाऱ्यानं केली. ही चाकं वर्षातून एकदाच, 31 डिसेंबरच्या रात्री फिरतात आणि पुढच्या ईस्टरची तारीख लावून देतात. दाते पंचांग पितळेत ओतल्यासारखं! तुम्ही असतात तर तिथल्या माणसाला अधिक महिन्याचं काय, असं नक्की विचारलं असतंत.

आणखी एक जागा. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसासाठी आपण सोलापूरहून मुंबईला किती कागद घेऊन गेलो होतो आठवतंय? त्यावर जे 'शेंगेन' लिहितात ते लक्झेंबर्गमधलं द्राक्षमळ्यांचं एक चिमुकलं गाव आहे. आमच्या मेट्झमधून वाहणारी मोझेल नदीच पुढे तिथून जाते. 14 जून 1985 ला त्या नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हटवायच्या करारावर सह्या केल्या. फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग तिन्ही तिथं एकमेकांना लागून आहेत. मी पूल ओलांडून जर्मनीत गेले, परत आले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. लक्झेंबर्गात तर 2020 पासून बस आणि रेल्वेही फुकट आहे. एसटीच्या पाससाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या मावशीला हे सांगू नका.

व्हर्दनचा मात्र एकही फोटो नाही. मेट्झपासून फार लांब नाही ते. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत तिथं लढाई चालली. दुओमोंच्या स्मारकाखाली ओळख न पटलेल्या 1,30,000 सैनिकांची हाडं आहेत, फ्रेंच आणि जर्मन एकत्र. खाली लहान खिडक्या आहेत, वाकून बघितलं की दिसतात. एक जण म्हणाला, बझला बाहेर कबरींपुढे ठेवूया, दुःखी चेहऱ्याचा फोटो येईल. मी पिशवीची चेन लावून टाकली. तो थोडा रागावला आहे, रागावू दे.

मागच्या आठवड्यात बझ लंडनला गेला. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, मला वेगळा व्हिसा लागला असता; अमेरिकन मैत्रिणींना लागत नाही आणि बझला तर कुठलाच लागत नाही. त्यांनी त्याला टॉवर ब्रिजवर बसवून फोटो पाठवला, खाली लिहिलं, "तुला मिस करतोय." मी वाईट वाटून घेतलं नाही असं नाही. मग सकाळी कॅथीड्रलशेजारच्या बाजारात जाऊन मिराबेल आणले. बोराएवढे पिवळे प्लम, या भागाचं हेच फळ, आता संपतच आले आहेत. तुझ्या पद्धतीनं साखरांबा केला, वेलची घालून. मुली परत आल्यावर बरणी एका दिवसात रिकामी.

आई, थेंब वेळेवर घाल आणि वाकून केर काढू नकोस. चटणीचं पार्सल इथं पाठवू नका, डिसेंबरात मी अटलांटाला परत जाते, तिथं पाठवा. बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते मला दादाकडून नको, तुमच्या तोंडून कळू दे. रविवारी फोन करते.

तुमची,
धाकटी