ज्यांनी नाव सांगितलं नाही, त्यांचे आभार

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि आमचे एकोणीस दिवस दवाखान्यात गेले. आता ती घरी आहे, काठी धरून चार पावलं टाकते. हे लिहायला आजच सवड मिळाली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री रक्त लागलं. अकराच्या सुमाराला दोन मुलं आली, रक्त देऊन गेली. नाव विचारलं तर, "मंडळीतूनच आलोय," एवढंच म्हणाली; म्हणजे आमच्या चर्चमधूनच.

आणि तो डबा! रोज साडेबाराला नर्सच्या टेबलावर यायचा. ज्वारीच्या मऊ भाकरी, मुगाची पातळ आमटी, आणि कागदाच्या पुडीत मीठ वेगळं, कारण आईला बी.पी. आहे. हे ज्या माउलीच्या लक्षात राहिलं तिला मी अजून शोधतेय. डबा घासूनपुसून ठेवलाय. झाकणावर नाव नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायात, प्रभू येशू म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. लहानपणापासून उपासनेत ऐकलेलं हे वचन मला त्या वॉर्डात कळलं. त्याच शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये असंही आहे, म्हणून तुम्ही पुढे येणार नाही हे जाणते.

शेजारच्या खाटेवरच्या आजींना कुणी नव्हतं. तुम्ही त्यांचेही केस विंचरलेत, त्यांच्या विठोबाचा फोटो उशाशी नीट लावून दिलात. त्या घरी जाताना तुमचीच चौकशी करत होत्या.

मनापासून आभार. डबा न्यायला या, आईला तुम्हाला बघायचंय.