तो झेंडा मंगोलियाचा नव्हे, बुर्यातियाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बैकल सरोवरावरच्या आपल्या रविवारच्या लेखासोबत निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा छापला असून खाली 'मंगोलियाचा राष्ट्रध्वज' अशी ओळ दिली आहे. मंगोलियाच्या झेंड्यात लाल, निळा, लाल असे उभे पट्टे असतात आणि काठीजवळच्या लाल पट्ट्यावर सोनेरी चिन्ह असते. आपण छापलेला झेंडा रशियन संघराज्यातल्या बुर्यातिया प्रजासत्ताकाचा आहे. तोही जसा हवा तसा छापलेला नाही.

हा झेंडा २९ ऑक्टोबर १९९२ रोजी स्वीकारला गेला. रुंदी आणि लांबीचे प्रमाण १:२. पट्टे आडवे, पण सारखे नाहीत: वर निळा दोन भाग, मधे पांढरा एक भाग, खाली पिवळा एक भाग. म्हणजे ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब कापडात निळा ४५, पांढरा साडेबावीस आणि पिवळाही साडेबावीस. आपल्या चित्रात तिन्ही पट्टे समान आहेत. चित्र तयार करणाऱ्यांची ही नेहमीची चूक; 'तीन पट्टे' एवढेच वाचले की हात आपोआप तीन समान भाग करतो.

निळ्या पट्ट्यावर काठीच्या बाजूला पिवळ्या रंगात तीन आकृत्या एकावर एक असतात: सर्वांत खाली चंद्रकोर, तिच्यावर सूर्य, सूर्यावर चुलीचा अग्नी. कोरीची टोके वर असतात. टोके खाली दिसली तर झेंडा उलटा आहे असे खुशाल समजावे, कारण तेव्हा पिवळा पट्टाही वर आलेला असतो. दोन अडचणी छपाईच्या. १:२ चा झेंडा २:३ च्या चौकटीत ताणून बसवला की सूर्याचे अंडे होते. त्यापेक्षा फडकणाऱ्या टोकाकडचे कापड कापावे, चिन्हाला हात लागत नाही. आणि कृष्णधवल पानावर पांढरा आणि पिवळा एकमेकांत मिसळतात, झेंडा निम्मा गडद आणि निम्मा फिका एवढाच दिसतो. तिथे चित्राखालच्या ओळीत रंग लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

गोंधळ होतो तो या चिन्हामुळेच, आणि त्याला कारणही आहे. मंगोलियाच्या झेंड्यावरच्या सोयोम्बो या चिन्हात अग्नी, सूर्य आणि कोर यांच्याखाली त्रिकोण, आयत, दोन माशांसारखी जोडी आणि दोन्ही बाजूंना खांब असतात. बुर्यातियाने त्यातला फक्त वरचा भाग घेतला. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटायला नको: सोयोम्बो म्हणजे आपला 'स्वयंभू'. मंगोलियाचे पहिले बोग्द, म्हणजे तिथले सर्वोच्च बौद्ध धर्मगुरू, झानाबाझार यांनी १६८६ मध्ये संस्कृत, तिबेटी आणि मंगोल या तिन्ही भाषा लिहिता येतील अशी लिपी रचली, तिचे हे नाव. झेंड्यावरचे चिन्ह त्या लिपीतूनच आले. झानाबाझार हे नावही 'ज्ञानवज्र'चेच मंगोल रूप. बुर्यात माणसांची बद्मा, रदना, बझार ही नावे पद्म, रत्न आणि वज्र यांवरून आलेली आहेत. हे सगळे तिबेटी बौद्ध धर्माच्या वाटेने तिकडे पोचले. कर्नाटकात मुंडगोडला नव्याने उभारलेल्या द्रेपुंग मठाच्या गोमांग महाविद्यालयात आजही बुर्यात भिक्षू शिकतात, आणि मुंडगोड हुबळीहून फार लांब नाही. मात्र सगळेच बुर्यात बौद्ध असे लिहू नये. बैकलच्या पश्चिमेकडच्यांत शामानांची, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या भगतांची, परंपरा बळकट आहे.

आता 'मंगोलिया' या चुकीबद्दल. दुसऱ्या कुठल्या प्रांताबाबत ती नजरचूक म्हणून सोडून देता आली असती. इथे नाही. ३० मे १९२३ रोजी हे स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा त्याचे नाव 'बुर्यात-मंगोल' होते. २६ सप्टेंबर १९३७ रोजी त्याचे तुकडे झाले: पश्चिमेकडचा उस्त-ओर्दा इर्कुत्स्क प्रांतात गेला, पूर्वेकडचा आगा चिता प्रांतात, आणि ओल्खोन बेटासह बैकलचा पश्चिम काठही इर्कुत्स्ककडे. त्या काळात 'अखिल मंगोलवादा'चा, म्हणजे सगळ्या मंगोलांचे एकच राज्य व्हावे या विचाराचा, आरोप म्हणजे जिवावरचे संकट होते. मंगोलियाच्या क्रांतीत पुढे असलेले बुर्यात नेते एल्बेगदोर्ज रिन्चिनो यांना १९३८ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. विद्वान त्सिबेन झाम्त्सारानो १९४२ मध्ये तुरुंगात वारले. पुढे ७ जुलै १९५८ रोजी प्रजासत्ताकाच्या नावातून 'मंगोल' हा शब्दच काढून टाकण्यात आला. लोकांना न विचारता जो शब्द पुसला गेला, तोच त्यांच्या झेंड्याखाली दुसऱ्या देशाचे नाव म्हणून छापला जावा, हे चमत्कारिक आहे.

लेखातले 'बैकल बुर्यातियात आहे' हे विधान म्हणूनच अर्धेच खरे. पूर्व किनारा बुर्यातियात, पश्चिम किनारा इर्कुत्स्क प्रांतात. 'बुर्यातांची मायभूमी' म्हणजे केवळ हे प्रजासत्ताक असेही नाही. उस्त-ओर्दा आणि आगा हे दोन्ही भाग पुढे वेगळे घटक होते, त्यांना आपापले झेंडेही होते. सार्वमतानंतर उस्त-ओर्दा १ जानेवारी २००८ रोजी इर्कुत्स्क प्रांतात आणि आगा १ मार्च २००८ रोजी चितासह नव्या झाबायकाल्स्की प्रदेशात विलीन झाला. त्यामुळे त्याआधीच्या छायाचित्रांत तिथे निराळा झेंडा दिसला तर छायाचित्र चुकीचे ठरवू नये. खुद्द बुर्यातिया क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा मोठा, सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर, पण लोकसंख्या दहा लाखांच्या आतली. त्यात बुर्यात २०१० च्या जनगणनेत सुमारे ३० टक्के होते, बहुसंख्य रशियन.

नावांबद्दल थोडेसे. 'बुर्याट' नको, 'बुर्यात'. रशियनमधला तो त दंत्य आहे, इंग्रजीवरून घेताना त्याचा ट होतो. राजधानी उलान-उदे, उलानबातर नव्हे. 'उलान' म्हणजे लाल आणि उदा ही नदी. शहराचे जुने नाव वेर्खनेउदिन्स्क, ते १९३४ मध्ये बदलले. नववर्षाच्या सणाला बुर्यात 'सागालगान' म्हणतात. 'त्सागान सार' हे मंगोलियातले रूप आहे. बुर्यात भाषेत मंगोलच्या 'त्स'चा 'स' होतो आणि 'स'चा बहुधा 'ह', म्हणून 'सार' (महिना) तिकडे 'हारा' होतो. गुजरातच्या बोलींत 'स'चा 'ह' होताना ज्यांनी ऐकला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया चित्रासह छापा, आणि छापण्याआधी पट्टी घेऊन मोजा: निळा पट्टा झेंड्याच्या निम्म्या रुंदीचा, चिन्ह डावीकडे, पिवळा तळाशी. 'मंगोलिया'ऐवजी 'बुर्यातिया' एवढेच बदलून तेच समान पट्ट्यांचे चित्र पुन्हा छापले, तर दुसरे पत्र पाठवावे लागेल.

आपला,
एक वाचक