एकट्याला उचलता येईल असं पेडल स्टील

सांगली

प्रिय श्रीप्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण, तू अमेरिकेहून आणणार आहेस ते पेडल स्टील, म्हणजे पायांवर उभं, पेडलं दाबून तारांचे सूर बदलायचं गिटार. फोनवर तू "घ्यायचंच तर मोठं, डबल नेकचं घे, परत परत कोण आणणार" असं म्हणून मोकळा झालास. मागं कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. आता निवांत घालतो. मला छोटंच हवंय.

डबल नेक म्हणजे एकाच वाद्यावर तारांचे दोन संच; त्याचं वजन केससकट तीस किलोच्या आसपास जातं. डलासमध्ये गाडीच्या डिकीत टाकायला ते ठीक आहे रे. इथं माझं वाहन म्हणजे अ‍ॅक्टिव्हा, नाहीतर एसटी. शिवाय आमचं घर कुठं आहे ते तुला माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा वर काय नेलं आणि खाली काय राहिलं याचा हिशेब आई अजून काढते. तेव्हापासून घरात नवी वस्तू येणार म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला: ही माळ्यावर कोण चढवणार? "मी, एकटा" असं उत्तर देता येईल तेवढंच वाद्य मला परवडतं. पैशाचं मग बघू.

आता तू विचारशील, हवाईयन गिटार आहे की, मग हे कशाला? ऐक. माझ्या गिटारवर बार, म्हणजे तारांवर ठेवायचा पोलादी दांडा, सरकवला की सगळ्या तारा एकदमच सरकतात. मींड झकास येते. रागदारीला तेवढं पुरतं; ब्रिजभूषण काब्रांनी एवढं वाजवलं ते पेडलशिवाय, आणि विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेही पेडलशिवायच. पण मी पडलो भावगीताच्या मागं वाजवणारा. मला सूर भरायचे असतात. पेडल स्टीलच्या ई नाइन जुळणीत बार एका जागी ठेवून सा ग प सा वाजव. आता डाव्या पायानं पहिली दोन पेडलं दाब. सा जागचा हलत नाही, ग चढत मवर जातो, प चढत धवर. बार तिथंच, पण सा ग प चं सा म ध झालं, आणि तेही मींडेसकट! गुडघ्यानं एक लिव्हर ढकलली की सा उतरून शुद्ध नीवर. अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना हे मागं वाजलं तर गाणाऱ्याला काय आधार मिळेल, तूच सांग. आधी पेडल म्हणजे नुसती जुळणी बदलायची सोय होती. १९५३-५४ च्या सुमारास बड आयझॅक्स या अमेरिकन वादकानं तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तो आवाज रेकॉर्डवर आला. तिकडची मंडळी तेव्हापासून त्याच नादाला लागलीत.

मिरजेत सतारमेकर गल्लीत माझ्या ओळखीचे एक जण आहेत, तंबोऱ्याची जवारी काढण्यात हात बसलेला. पेडल स्टीलच्या पोटाचे फोटो त्यांना मोबाईलवर दाखवले. उभ्या सळ्या, आडवे दांडे, त्यांना कोपऱ्यासारखे तुकडे, तिथून उजव्या टोकाला जाणाऱ्या बारीक सळया आणि त्या सळयांच्या शेवटी नायलॉनचे छोटे नट. त्यांनी कानस बाजूला ठेवली, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हे वाद्य आहे का सायकलचा ब्रेक?" हसलो दोघं. पण पुढचा प्रश्न त्यांनी असा विचारला की मी गप्प झालो: "एक तार ओढली की लाकूड वाकत असणार. मग बाकीच्या तारा उतरत नाहीत?"

उतरतात. तिकडं याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, आणि अंग हलकं केलं की हा दोष वाढायची भीती. म्हणून नुसतं वजन बघून भुलू नकोस. दुकानात बसलास की चौथ्या तारेवर ट्यूनर लाव, ती तार छेड आणि पहिली दोन पेडलं दाब. चौथी तार त्या पेडलांना बांधलेलीच नसते, तरी काटा थोडा खाली येईल. कानाला कळण्याइतका आला तर नमस्कार करून बाहेर पड. दुसरं, काही छोट्या वाद्यांत तारेची लांबीच कमी करतात, साडेबावीस इंचांवर आणतात. नेहमीची चोवीसची बरी. पट्ट्या जवळ आल्या की बारचा सूर चुकायला वेळ लागत नाही. लांबी तीच ठेवून खुंट्यांचं डोकं उडवलेलं, कीलेस म्हणतात ते, मिळालं तर उत्तम. तीन पेडलं हवीतच. लिव्हर चार असल्या तर छान, पण दोनवर भागवीन. सा खाली नेणारी मात्र पाहिजेच.

हाताच्या तळव्यानं दाबायच्या लिव्हरवालं लॅप स्टीलही, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचं, मी बघून ठेवलं होतं, ड्यूसेनबर्गचं. खांद्याला अडकवून एसटीत चढता येतं, मोह झाला. पण तार छेडणाऱ्या हातानंच लिव्हर दाबायची, हे माझ्या हाताला पटेना. मोकळे पाय असताना त्यांना बसवून का ठेवायचं?

एक अडचण मला सुटलेली नाही. पेडल स्टीलला खुर्ची लागते. आमच्याकडं बैठकीत सगळे गादीवर, तबलेवाला, पेटीवाला, गायिका, आणि मी एकटा खुर्चीवर वरून बघतोय! भावे नाट्यमंदिरासारख्या रंगमंचावर चालून जाईल. घरगुती मैफलीत यजमानाच्या कपाळावर आठी पडणार, नक्की. तिथं जुनी गिटारच नेईन म्हणतो.

तुझ्या तिकिटावर बहुतेक एका बॅगेला २३ किलो असतील. केस, चार पाय, पेडलांचा दांडा, सळ्या सगळं धरून वजन कर. व्हॉल्युम पेडल तुझ्या कपड्यांत घाल, ते इथं मिळेल पण बरं मिळेलच असं नाही. तिसरी तार, ०.०११ ची, तिच्या जादा तारा मूठभर आण. ती सारखी वरखाली ओढली जाते, त्यामुळं सगळ्यात आधी तीच तुटते, आणि सांगली-मिरजेत सतारीच्या तारा हव्या तेवढ्या मिळतील, ई नाइनचा संच कोण ठेवणार?

वहिनींना नमस्कार. आईनं विचारलंय की गणपतीला येताय का दिवाळीला. तिकीट काढलंस की आधी कळव.

तुझा,
दिग्या