फोन बदलला की हंगाम अडतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात मी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरचे पाच एकर वावर मी स्वतः पाहते. त्यात कपाशी आहे आणि कपाशीत तुरीची तासे आहेत. यंदा जुलैच्या अखेरीस माझ्या सात वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी फुगली, मागचे झाकण उचलले गेले आणि नवा फोन घेण्यावाचून इलाज उरला नाही. जुना फोन अँड्रॉइड ८ वर चालत होता, नवा अँड्रॉइड १५ वर चालतो. विकणाऱ्याने “ताई, सगळे तेच आहे, फक्त स्क्रीन मोठी आहे,” असे सांगून पिशवी हातात दिली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्यावर जे गुदरले ते गावातल्या निम्म्या घरांवर गुदरत असते, पण ते कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली अडचण हाताची होती. जुन्या फोनच्या तळाशी मागे, मुख्य आणि अलीकडील अशी तीन बटणे असत. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन. नव्या फोनमध्ये तिथे नुसती एक बारीक रेघ आहे आणि मागे जायचे असेल तर स्क्रीनच्या कडेवरून बोट आत ओढावे लागते. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, ही पद्धत आली, पण मधली सगळी वर्षे मी जुन्याच फोनवर असल्याने ती एकदम माझ्या अंगावर आली. निंदण-खुरपणाने राठ झालेली बोटे आणि फोनला घातलेल्या जाड कव्हरची उंच कड यांमुळे दहा वेळा ओढले तर चार वेळा मागे जाता येई. जुनी तीन बटणे गेलेली नाहीत, ती फक्त झाकलेली आहेत, हे मला आठ दिवसांनी कळले. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात जेश्चर आणि त्यात नेव्हिगेशन मोड असा रस्ता बहुतेक फोनमध्ये असतो. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. तिथे तीन बटणांचा पर्याय निवडला की ती परत येतात. फोन बंद करण्याचे बटण दाबून धरले की फोन बंद होण्याऐवजी “काय मदत करू” असे विचारू लागतो, तेव्हा तेच बटण आणि आवाज वाढवण्याचे (काही कंपन्यांच्या फोनवर आवाज कमी करण्याचे) बटण एकत्र दाबावे, म्हणजे बंद करण्याचा पर्याय दिसतो. एवढ्या दोन गोष्टी विकतानाच सांगितल्या असत्या तर माझे आठ दिवस वाचले असते.

दुसरी अडचण चुकाऱ्याची. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाच्या सिमवरूनच एक एसएमएस जावा लागतो. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत आणि बँकेचा क्रमांक दुसऱ्या खाचेत होता; मी पहिले सिम निवडत राहिले आणि नोंदणी अडत राहिली. ती चूक सुधारल्यावर कळले की नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत एकूण ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. चोरलेल्या फोनवरून कोणाचे खाते रिकामे होऊ नये म्हणून ही मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी. मात्र तो बाजाराचा दिवस होता आणि निंदणाच्या बायांचा आठवड्याचा चुकारा त्याहून जास्त होता. बाजार करून घरी जाणाऱ्या बाईला “उद्या देते” असे सांगणे मला फार जड गेले. फोन बदलायचा तर बाजाराच्या दोन दिवस आधी बदलावा, किंवा चुकाऱ्यापुरती रोकड घरात ठेवावी, असे मी आता सगळ्यांना सांगते.

या दोन्ही अडचणी निस्तरल्या. ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले ती निराळी आहे. नवा फोन प्रश्न विचारतो. जुन्या काळी ॲप घेतानाच त्याला हवे ते सगळे एका झटक्यात देऊन टाकावे लागे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी परवानगी विचारली जाऊ लागली आणि नंतरच्या आवृत्त्यांत हे प्रश्न अधिकाधिक बारीक होत गेले. २०१९ पासून “ॲप वापरताना” एवढ्यापुरते आपले ठिकाण सांगण्याची सोय झाली, २०२० मध्ये “फक्त या वेळी” असा पर्याय आला, २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये ठिकाण “अचूक” द्यायचे की “अंदाजे” हे विचारले जाऊ लागले आणि २०२२ पासून ॲपने तुम्हाला सूचना पाठवावी की नाही यासाठीही तुमची संमती लागते. वापरणाऱ्याच्या खासगीपणाचा विचार करून केलेले हे बदल आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. पण जुन्या फोनवरून एकदम नव्यावर आलेल्या माणसासमोर हे सगळे प्रश्न एकाच दिवशी, एकामागून एक उभे राहतात, आणि चुकीच्या उत्तराची किंमत काय, हे कुठेच लिहिलेले नसते.

ऑगस्टमध्ये मी ई-पीक पाहणीसाठी धुऱ्यावर उभी राहिले. ही पाहणी आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून करायची असते. पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह जातो आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढते. पुढे नुकसानीची मदत असो की हमीभावाने विक्री असो, त्या नोंदीला फार महत्त्व आहे. नव्या फोनने ठिकाणाबद्दल विचारले तेव्हा मी “अंदाजे” हा पर्याय निवडला होता. आमच्याकडे हा शब्द अगदी बिनधोक आहे. व्यापारी अंदाजे किती क्विंटल होईल असे विचारतो, पाहुणा अंदाजे किती वाजता येईल असे आपण विचारतो, आणि त्या उत्तरावर सगळ्यांचे भागते. फोनच्या भाषेत मात्र अंदाजे ठिकाण म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरचा परिसर. एकरात मांडायचे तर जवळजवळ ७४० एकर. माझे वावर पाच एकर आहे. मी भर उन्हात माझ्याच कपाशीत उभी होते आणि नकाशावरचा ठिपका मला नाल्यापलीकडे, दुसऱ्याच्या गटात दाखवत होता. फोनला रेंज नसेल म्हणून मी पांदणीने मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, परत आले, फोन बंद करून सुरू केला. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गावातील बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने सेटिंग्जमध्ये जाऊन, त्या ॲपच्या परवानग्यांत “अचूक स्थान वापरा” असे लिहिलेले बटण सरकवले आणि ठिपका माझ्या पायाशी आला. तिला एक मिनिटही लागले नाही.

“अंदाजे” मी अज्ञानाने निवडले तसे सावधपणानेही निवडले, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. आपल्याच वृत्तपत्रातून आणि पोलिसांकडून आम्हाला सतत बजावले जाते की, फोन विचारेल ते देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसवणूक झाली तर तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. व्हॉट्सॲपवर शासकीय योजनेच्या नावाने येणाऱ्या खोट्या ॲपच्या फायली उघडून अनेकांचे पैसे गेलेले आहेत. त्यामुळे जे शहाणे झाले ते सगळीकडे “अनुमती देऊ नका” दाबतात. एका बाजूने काही देऊ नका असे शिकवायचे आणि दुसऱ्या बाजूने दिल्याशिवाय पीक नोंदवता येणार नाही अशी व्यवस्था करायची, यात चूक कोणाचीही नसेल, पण मधला धडा कोणीच शिकवलेला नाही. टॉर्चच्या ॲपला तुमचे संपर्क कशाला हवेत, हा प्रश्न विचारून नकार द्यावा. पीक पाहणीला तुमचे ठिकाण का हवे, हे समजून ते द्यावे. आणि एसएमएस वाचण्याची किंवा स्क्रीन दुसऱ्याला दाखवण्याची मागणी आली तर हात आवरून कोणाला तरी विचारावे. हा फरक शिकवायला तासभर पुरेल, असे चाळीस मुलांच्या वर्गाला शिकवलेली बाई म्हणून मी खात्रीने सांगते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले “दामिनी” हे ॲप आमच्या गावात बऱ्याच जणांकडे आहे. आपण जिथे आहोत तिथून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजा पडत असतील तर ते इशारा देते. विदर्भात वावरात काम करताना वीज अंगावर पडून माणसे आणि जनावरे दगावतात, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नव्या फोनवर मी हे ॲप पुन्हा घेतले आणि “सूचना पाठवण्याची अनुमती द्यायची का” या प्रश्नाला नाही म्हटले, कारण सूचना म्हणजे जाहिराती असे मी समजले. सप्टेंबरमध्ये एका दुपारी आभाळ भरून आले, माझा फोन गप्प राहिला आणि बांधापलीकडे काम करणाऱ्या शेजाऱ्याचा फोन वाजला म्हणून तो आम्हाला हाका मारत आला. आम्ही चौघी झाडाखालून उठून त्याच्याबरोबर त्याच्या पक्क्या घरात गेलो. त्या दिवशी काही झाले नाही. घरी येऊन मी त्या ॲपची सूचनांची परवानगी चालू केली आणि हात थरथरत होते म्हणून दोनदा तपासली.

एवढ्याने भागत नाही, हे मला नंतर समजले. अशा ॲपला आपण ते उघडलेले नसतानाही ठिकाण कळायला हवे असेल, तर परवानगी “नेहमी” अशी द्यावी लागते, आणि अँड्रॉइड ११ पासून हा शब्द समोर आलेल्या प्रश्नात दिसतच नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये आत जावे लागते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो आणि अँड्रॉइड १२ पासून अशा ॲपला झोपवूनही टाकतो. मग ते मागे चालू राहत नाही आणि सूचनाही देत नाही. शहरात रोज वापरल्या जाणाऱ्या ॲपसाठी हा नियम निरुपद्रवी आहे. पण शेती महिन्यांनी मोजली जात नाही, ती हंगामांनी मोजली जाते. पीक पाहणीचे ॲप खरिपात उघडले की रब्बीपर्यंत त्याच्याकडे बघायचे काम नसते, रब्बी झाली की थेट पुढचा खरीप. विजेचा इशारा देणारे ॲप तर आपण उघडावे म्हणून नसतेच. ते शांत पडून राहावे आणि वेळ आली की बोलावे यासाठीच ते घेतलेले असते. दिवाळीनंतर ते झोपले तर मृगाच्या पहिल्या वादळात ते बोलणार नाही, आणि ज्याच्या खिशात ते आहे त्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहील. यावर उपाय आहे. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर, “वापरात नसल्यास” ॲपला विराम देण्याबद्दलचे जे बटण असते ते बंद करावे, आणि बॅटरी वाचवण्याच्या यादीतूनही त्या ॲपला वगळावे. आमच्या गल्लीतल्या सात फोनमध्ये मी आणि त्या मुलीने मिळून हे करून दिले. सातांपैकी एकाच्याही मालकाला हे बटण ठाऊक नव्हते.

भाषेबद्दलही लिहायला हवे. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ पासून, म्हणजे अँड्रॉइड ५ पासून आहे, तरी आमच्या भागात फोन इंग्रजीतच सुरू करून दिला जातो आणि विकत घेणारा तसाच वापरत राहतो. मी भाषा बदलून मराठी केली तेव्हा निम्मे ओझे उतरले. उरलेले निम्मे उतरले नाही, कारण “स्थान”, “अनुमती”, “सूचना” हे शब्द मराठी असले तरी त्यांच्यापुढे परिणाम लिहिलेला नाही. “अंदाजे निवडल्यास तुमचे शेत ओळखता येणार नाही” किंवा “नाही म्हटल्यास विजेचा इशारा मिळणार नाही” एवढे एक वाक्य ॲप तयार करणाऱ्यांना प्रश्नाच्या आधीच्या पानावर सहज लिहिता येईल. शेतकऱ्यासाठी ॲप काढणाऱ्या प्रत्येक शासकीय विभागाने हे करावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती ग्रामपंचायतींना आहे. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. त्या दिवशी तलाठी आणि कृषी सहायक गावात असतील तर त्यांनी अर्धा तास फोनसाठी ठेवावा. वर्षभरात ज्यांनी फोन बदलले त्यांनी ते घेऊन यावे, आणि ठिकाण अचूक आहे का, सूचना चालू आहेत का, हंगामी ॲप झोपलेले तर नाही ना, एवढे तिथेच पाहून घ्यावे. गावातील शिकणारी मुले हे काम आनंदाने करतील. त्यांना फक्त कोणी तरी सांगायला हवे. आपल्या वृत्तपत्राने जूनच्या आधी या सेटिंगांची माहिती चित्रांसह छापली तर ते पान आमच्या शाळेच्या आणि दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावण्याचे काम मी स्वतः करीन. आमच्या सरपंचांशी मी बोलले आहे. येत्या १ मेला त्यांनी मला अर्धा तास दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व शेतकरी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ