शेवटच्या नंबराचंही नाव छापा ना

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमचा रनिंग ग्रुप बडोद्याचा, रोज पहाटे कमाटीबागेपाशी जमतो, सयाजीराव महाराजांनी 1879 साली केलेली ही बाग. परवाच्या हाफ मॅरेथॉनमध्ये आमचे अकरा जण धावले आणि अकराही पोहोचले, पण पेपरात फक्त पहिल्या तिघांची नावं. आमच्यातल्या एक काकू 62 वर्षांच्या, गुडघ्याच्या दुखण्यातून उठून वर्षभर सराव केला, आधी चालत, मग एक मिनिट धाव एक मिनिट चाल असं करत करत त्यांनी पूर्ण 21.0975 किलोमीटर काढले, 2 तास 58 मिनिटं, फिनिश लाइनला आम्ही सगळे रडलो हो.

अजून एक, निकालात गन टाइम छापता, तो पिस्तूल वाजल्यापासून मोजतात, मागे उभ्या असलेल्याला गर्दीतून स्टार्टपर्यंत यायलाच कितीतरी मिनिटं जातात, ती त्याच्याच माथी. बिबवरची, म्हणजे छातीवर लावलेल्या नंबरावरची, चिप स्टार्टच्या मॅटवरून जाते तेव्हापासूनचा नेट टाइमही द्या की. आणि वयोगटाप्रमाणे नावं छापलीत तर काकूंचं कात्रण मी स्वतः लॅमिनेट करून देणार आहे.

– एक धावणारा वाचक, दांडिया बाजार, बडोदे